भाड्याने देण्यासाठी पहिली जागा घेताय? सांगली-मिरज-कुपवाडचा हिशेब मांडू या

नवा_घरमालक

नमस्कार मंडळी. हातात १२ लाख आहेत, बाकीचं कर्ज काढायचं. जागा राहायला नको, निव्वळ भाड्याने द्यायला हवी. तीन जागा समोर आहेत.

एक, विश्रामबागेच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरचा नवा टू बीएचके. ३५ लाख, भाडं ११ हजार येईल असं एजंट सांगतो.
दोन, गावभागात जुनं बैठं घर. २४ लाख, भाडं ८ हजार.
तीन, कुपवाड एमआयडीसीच्या मागे दोन गुंठ्यांवर चार खोल्या. २८ लाख, खोलीला ४ हजार, म्हणजे महिना १६.

कागदावर तिसरी जागा सरळ सरळ भारी पडते. मग लोक फ्लॅटच्याच मागे का लागतात? नवख्याने कुठे कुठे ठेच खाऊ नये, ते सविस्तर सांगा.

भडंगप्रेमी

भडंगाची पुडी फोडून बसलोय. चालू द्या.

हिशेबनीस

आधी फ्लॅटचाच हिशेब, कारण तिथे माणूस सगळ्यात जास्त फसतो. ११ हजार गुणिले १२ म्हणजे १ लाख ३२ हजार, ३५ लाखांवर पावणेचार टक्के. एजंट इथेच थांबतो. पुढचं असं:

मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत साधारण ६ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. खरेदी बाईमाणसाच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. झाले ३७ लाख ४० हजार. कर्जाच्या तारणाचा मुद्रांक वेगळा, पंखे-गिझर-डासजाळ्या वेगळ्या.

आता उत्पन्न. वर्षात एक महिना जागा रिकामी धरा, कारण एक भाडेकरू जाऊन रंग होऊन दुसरा येईपर्यंत तेवढे दिवस जातातच. राहिले १ लाख २१ हजार. मेंटेनन्स महिना १२०० धरला तर १४,४००. घरपट्टी ६ हजार धरू. किरकोळ दुरुस्ती ८ हजार. हातात ९२,६००. भागिले ३७.४ लाख, म्हणजे अडीच टक्के.

२८ लाख कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता २४,३०० च्या आसपास. घरातून निव्वळ येतात महिना ७,७००. म्हणजे दरमहा साडेसोळा हजार पगारातून घालायचे. ते जमत असेल तरच पुढे बोलू.

नवा_घरमालक

बाप रे. मेंटेनन्स आणि रिकामा महिना मी धरलाच नव्हता. मेंटेनन्स भाडेकरूकडून घेता येतो ना?

हिशेबनीस

येतो, पण भाडेकरू एकूण आकडाच बघतो. ११ हजारात मेंटेनन्ससकट की वगळून, हे जागा बघायला आल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं. आणखी एक. १२ लाखांतले ७ लाख स्वतःचा हिस्सा आणि २.४ लाख मुद्रांक-नोंदणीला जातील, कारण मुद्रांकासाठी बँक सहसा कर्ज देत नाही. उरले २ लाख ६० हजार. त्यातले निदान सहा हप्ते, म्हणजे दीड लाख, बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका.

जीएसटीवाला

नव्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी विसरलात साहेब.

हिशेबनीस

विसरलो नाही. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर पूर्ण रक्कम देऊन घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. काम चालू असताना घेतला तरी ४५ लाखांच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का. ५ टक्के त्याच्या वरच्यांना. आणि भाड्यासाठी घेणाऱ्याने काम चालू असलेला घ्यावाच कशाला? ताबा लांबला की हप्ता चालू आणि भाडं बंद.

कृष्णाकाठ

गावभागाचं नाव वाचलं आणि थांबलो. तिथे पहिला प्रश्न भाड्याचा नाही, फुटांचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांत इशारा पातळीच्या आसपासच पाणी शिरायला लागतं. गावभागाचा नंबर त्यानंतर, पण गल्लीगल्लीत चार-पाच फुटांचा फरक आहे. "गावभागात पाणी येतं का" हा प्रश्नच चुकीचा. "या उंबऱ्याला आयर्विनच्या किती फुटांवर पाणी लागतं" असं विचारायचं, आणि ते विकणाऱ्याला नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. पोती कधी उचलायची हे त्याला फुटात पाठ असतं.

पाटबंधारे खात्याच्या पूररेषाही बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी, निळ्या-लालच्या मध्ये अटी. म्हणजे उद्या घर पाडून वर मजले चढवू म्हणाल तर ते गणित आजच कोलमडतं.

पेठभाग

पूर काय दरवर्षी येत नाही हो. २००५, २०१९, २०२१. वीस वर्षांत तीनदा. त्यासाठी अख्खा गावभाग बाद करायचा? बाजारपेठ, शाळा, गणपती मंदिर सगळं पायी. भाडेकरूला हेच हवं असतं. स्वस्तात मिळतंय ते पुरामुळेच मिळतंय.

कृष्णाकाठ

स्वस्त मिळतंय हे मान्य. पण २०१९ आणि २०२१ मध्ये अंतर दोनच वर्षांचं होतं, हेही मोजा. तळमजला घेताय तर विमा पाहिजे. "भारत गृह रक्षा" ही २०२१ पासूनची ठराविक पॉलिसी, त्यात पूर धरलेला असतो. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या किमतीचा नाही. त्यामुळे २४ लाखांच्या घराचा विमा २४ चा काढू नका, बांधकाम जेवढ्यात पुन्हा उभं राहील तेवढ्याचा काढा.

ओल_आणि_गिलावा

पूर ओसरला तरी भिंतीतून जात नाही, याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जुन्या बैठ्या घराची भिंत विटांची नाहीतर दगडमातीची असते. पाणी भिंतीत वर चढतं, सुकताना क्षार बाहेर येतात, गिलाव्यावर पांढरी बुरशीसारखी खार फुटते. विकणारा त्यावर पुट्टी मारून रंग देतो. नव्या रंगाचं घर पावसाळ्यानंतर निदान दोन महिन्यांनी बघा, आणि भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत मूठ आपटत जा. जिथे पोकळ वाजतं तिथे गिलावा सुटलाय. कपाटामागे आणि जिन्याखाली रंग कुणी देत नाही, तिथे बघा. खरं दुखणं तिथे दिसतं.

दुरुस्ती करायचीच तर ओलीच्या रेषेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत गिलावा खरवडून काढायचा, विटेच्या सांध्यातला सुटा माल कोरायचा, भिंत नीट वाळू द्यायची. घाई केली की नवा गिलावाही पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. आतून ऑइल पेंट अजिबात मारू नका, ओल आत कोंडते. वीज बोर्ड आणि मीटर वर चढवून घ्या, फ्रिजचा पॉइंटसुद्धा. पाणी येऊन गेलेल्या घरात तळाची वायरिंग तशीच ठेवून भाडेकरू घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

नव्या फ्लॅटचीही एक परीक्षा आहे. बाथरूमची नहाणी कापडाने बंद करा, दोन इंच पाणी साठवा, २४ तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. डाग दिसला तर बहुतेक नहाणी ट्रॅपचा किंवा कमोडचा सांधा. ताबा घ्यायच्या आधी बिल्डर फुकट करून देतो. नंतर खालचा मालक तुमच्या दारात, आणि फरशी उखडायची तुमच्या खर्चाने, तीही भाडेकरू आत राहत असताना.

भडंगप्रेमी

मूठ आपटायची ती भिंतीवर, विकणाऱ्यावर नाही, हे स्पष्ट लिहा. नवखे लोक आहेत.

कुपवाडकर

आता माज्या गावाकडं वळा. १६ हजार दिसतंय, खरं हातात येतंय किती ते सांगतो.

चार खोल्या म्हंजे चार चुली, एक मोटर, बहुतेक ठिकाणी दोनच संडास. मोटर जळली की चारी दारं तुमच्याकडं. टाकी वाहायला लागली तर बंद कुणी करायची यावरनं भांडणं. कामगार पगार झाला की भाडं देतो, म्हणून वसुलीची तारीख १ नको, १० ठेवा. कारखान्यात काम कमी झालं की एका आठवड्यात दोन खोल्या रिकाम्या. चावी शेजाऱ्याकडं टाकून गडी गावाला. डिपॉझिट असतंय एक-दोन महिन्याचं, ते थकलेल्या भाड्यातच जातंय.

लाइट बिल. चार खोल्यांना एकच मीटर असेल तर घेऊ नका, घेतलं तर आधी मीटर वेगळी करा. महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटपर्यंत, पुढचा ३०० पर्यंत, आणि त्याचा दर जवळपास दुप्पट. खोलीला ८० युनिट धरले तर चौघांचे मिळून ३२०. वेगळ्या मीटरवर चौघंही पहिल्या टप्प्यात राहतात, एका मीटरवर १०० च्या पुढचे २२० युनिट वरच्या दरात चढतात. मग पोटमीटर लावून तुम्ही युनिटला किती घेता यावरनं कटकट.

आणि एका खोलीत कोण पिठाची गिरणी नाहीतर सलून काढतंय का ते बघत जावा. घरगुती मीटरवर धंदा चालला तर दंडाचं बिल मीटर ज्याच्या नावावर त्याला येतंय.

दस्तऐवज

कुपवाडकरांनी चालवण्याचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. "दोन गुंठे" हा शब्द ऐकला की कान टवकारा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मंजूर रेखांकनातला बिनशेती प्लॉट दोन गुंठ्यांचा असू शकतो, आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला गुंठेवारीचा प्लॉटही दोन गुंठ्यांचा असतो. बाहेरून दोन्हींत फरक दिसत नाही. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये दुसरा प्रकार भरपूर आहे.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. आधी त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची कामं बसत होती, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची आली. मागायचा कागद एकच, महापालिकेचा नियमितीकरणाचा दाखला, नकाशासह. "फाइल टाकलीय" म्हणजे दाखला नव्हे. "घरपट्टी भरतोय की" हे तर अजिबातच नव्हे. घरपट्टी बेकायदा बांधकामालाही लागते, तिच्या पावतीने मालकी ठरत नाही.

दाखला नसेल तर बँक कर्ज देत नाही, पतसंस्था देते पण व्याज चढं. म्हणजे तुमचं १६ हजारांचं गणित ८.५ टक्क्यांवर मांडूच नका. उद्या विकताना गिऱ्हाईकही रोखीवालाच शोधावा लागेल. चार खोल्यांची ही चाळ स्वस्त का, याचं अर्धं उत्तर हे.

बाकी तिन्ही जागांना लागणारे कागद: सातबारा किंवा सिटी सर्व्हे हद्दीत मालमत्ता पत्रक, त्यावरचे फेरफार, मागच्या खरेदीची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), ३० वर्षांचा शोध अहवाल आणि फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर महारेरा क्रमांक. गावभागातल्या घराला विशेष: मालमत्ता पत्रकावर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर सगळे वारस सहीला हवेत. लग्न होऊन पुण्याला गेलेली बहीणसुद्धा.

पेठभाग

आणि गावभागात जुना भाडेकरू आत बसलेला आहे का ते बघा. माझं मत गावभागाच्या बाजूचं असलं तरी हे सांगायलाच हवं. विकणारा म्हणतो "काढून देतो". रिकामा ताबा खरेदीच्या दिवशी हातात नसेल तर इसारही देऊ नका. चाळीस वर्षांचा भाडेकरू असला तर भाडे नियंत्रण कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज त्याला काढता येत नाही, आणि खटला दिवाणी न्यायालयात. भाडं मात्र चहाच्या बिलाएवढं.

अनामिक_सभासद

एवढं सगळं करण्यापेक्षा पोस्टात ठेवा की.

भडंगप्रेमी

आला, एक आला. प्रत्येक धाग्यावर हा प्रतिसाद येतोच.

मिरज_जंक्शन

धागाकर्त्याने जागा तीन दिल्या, पण भाडेकरू एकही दिला नाही. आधी भाडेकरू ठरवा, मग जागा आपोआप ठरते.

मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय दवाखाने दाटीवाटीने. नर्स, तंत्रज्ञ, निवासी डॉक्टर यांना वन बीएचके हवा, दवाखान्यापासून पायी. रात्रपाळी असते, म्हणून रात्री अकराला गेट बंद करणारी इमारत त्यांना चालत नाही. रुग्णांचे नातेवाईक महिना-पंधरा दिवसांसाठी येतात. भाडं चांगलं देतात, पण ती खानावळ-लॉजची दगदग आहे, नवख्याने त्यात पडू नये.

विश्रामबागेला वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची मुलं. तिघं-चौघं मिळून टू बीएचके घेतात, कुटुंबापेक्षा दोन-तीन हजार जास्त देतात. पण परीक्षा संपली की गावी. दोन महिने रिकामी राहणार हे धरून चाला, नाहीतर करारातच बारा महिन्यांचं भाडं आणि पालकाची हमीदार म्हणून सही घ्या. करार एकाच मुलाच्या नावावर करू नका, चौघांची नावं घाला. एक गेला की बाकीचे "त्याच्या वाटणीचं आम्ही का भरू" म्हणतात.

कुटुंब हवं असेल तर बँकेतले, सरकारी नोकरीतले. ते बदली होईपर्यंत राहतात. त्यांना मात्र शाळा, पार्किंग आणि रोजचं पाणी लागतं. पाणी बोअरचं की महापालिकेचं, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

साताऱ्याचा_कंदी

साताऱ्याहून हजेरी. आमच्याकडे पूर नाही, त्यामुळे तुमच्या निम्म्या अडचणी नाहीत. हवा थंड आणि पेढे गोड.

भडंगप्रेमी

पेढे खाऊन भाडं वाढत नाही.

साताऱ्याचा_कंदी

वाढतं की. पण खरं सांगायचं तर आमची अडचण वेगळी. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हा भाग २०२० मध्ये नगरपालिकेच्या हद्दीत आला. तिथल्या जुन्या इमारतींची परवानगी कुणी दिली होती, ग्रामपंचायतीने की नगररचनेने, हे बघितल्याशिवाय बँक पुढे जात नाही. उताराचं गाव, त्यामुळे तळमजल्याची मागची भिंत मातीला टेकलेली असते. पूर नाही, पण ओल आहेच. वरच्या गिलाव्यावाल्यांचं सगळं आम्हालाही लागू.

अकरा_महिने

एक सोपं विचारतो. ११ महिन्यांचा करार नोटरी करून घेतला की झालं ना? ११ महिन्यांना नोंदणी लागत नाही म्हणतात.

दस्तऐवज

हा समज सांगली बस स्टँडएवढा जुना आणि तेवढाच गजबजलेला. वर्षाच्या आतल्या पट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलंय, तिथूनच ११ चा आकडा. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महिने कितीही असोत. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं. तुम्ही ११ हजार म्हणणार, तो ५ म्हणणार, आणि सिद्ध तुम्ही करायचं.

खर्च काही मोठा नाही. एकूण भाडं अधिक परत द्यायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक. ११ हजार भाडं, ४० हजार अनामत, ११ महिने: १,२१,००० अधिक ३,६६७, म्हणजे १,२४,६६७, त्याचे ०.२५ टक्के साधारण ३१२. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन केल्यास वर दस्त हाताळणी शुल्क. आधार, अंगठा, फोटो घरबसल्या होतो.

३६ महिन्यांचा केला तर मुद्रांक हजाराच्या घरात जातो, पण नोंदणीचे १००० एकदाच. दरवर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहून ठेवायची. ६० महिन्यांच्या पलीकडे मात्र जाऊ नका, तिथे मुद्रांकाचा हिशेबच बदलतो.

अकरा_महिने

आयडी बदलावा लागणार.

कायदेपंडित_नाही

अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असा कायदा आलाय ना?

दस्तऐवज

तो आदर्श भाडे कायदा, केंद्राने २०२१ मध्ये नमुना म्हणून राज्यांना दिला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच चालतो.

रिकामा_ताबा

मुदत संपली आणि भाडेकरू हलत नाही, तेव्हा काय? नोंदणीकृत करार इथे उपयोगी पडतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेला त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ लागू. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, लेखी करार हाच पुरावा. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूला ३० दिवसांच्या आत शपथपत्रावर बचावाची परवानगी मागावी लागते.

नवखा मालक दोन चुका करतो. पहिली, मुदत संपल्यावर करार न वाढवता भाडं घेत राहतो आणि पावतीवर "भाडं" लिहितो. पुढच्या वादाची बी तिथेच पडते. नवीन करार तरी करा, नाहीतर लेखी कळवून ठेवा. दुसरी, रागाने पाणी-वीज तोडतो. कलम २९ प्रमाणे हा गुन्हा ठरतो, आणि मग बरोबर असलेला मालकच पोलिस ठाण्यात बसतो.

कुणी दुकानगाळा घ्यायचा सल्ला देईल, भाडं जास्त म्हणून. कलम २४ ची ही वाट फक्त राहण्याच्या जागेला आहे, गाळ्याला नाही, एवढं लक्षात ठेवून सल्ला ऐका.

हिशेबनीस

कराचं राहिलं. मिळालेलं भाडं १,२१,०००. त्यातून तुम्ही स्वतः त्या वर्षात भरलेली घरपट्टी ६,००० वजा. १,१५,००० वर सरसकट ३० टक्के, म्हणजे ३४,५००, दुरुस्तीसाठी वजा, पावत्या लागत नाहीत. उरले ८०,५००. मेंटेनन्सची वेगळी वजावट नाही, ती याच ३० टक्क्यांत. पहिल्या वर्षाचं व्याज २,३६,००० च्या आसपास. तोटा दीड लाख. जुन्या करपद्धतीत तो दोन लाखांच्या मर्यादेत पगारातून वजा होतो, नव्या पद्धतीत होत नाही. बहुतेक जण आता नव्या पद्धतीत आहेत, आणि "व्याजावर कर वाचतो" हे वाक्य मात्र एजंटच्या तोंडात जुन्या पद्धतीचंच राहिलंय.

गृहिणी_विश्रामबाग

मी ताब्याच्या दिवसाबद्दल लिहिते, कारण भांडणं कायद्याने कमी आणि गिझरने जास्त होतात.

इकडे बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, आणि कॉइल गेली की "तुमचा गिझर जुना होता" आणि "तुम्ही नीट वापरला नाही" सुरू होतं. करारात लिहायचं: वर्षातून एकदा कॉइल साफ करणं मालकाकडे, नळाचे वॉशर आणि बल्ब भाडेकरूकडे. १५ लिटरचा, आतून काचेचा थर असलेला गिझर घ्या, आणि साफ करताना त्यातला अ‍ॅनोड रॉड बघा. तो झिजला असेल तर बदला, टाकी वाचते.

चावी देताना वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, प्रत्येक खोलीच्या चार भिंतींचे फोटो, पंखे किती, चाव्या किती, कडी-कोयंडे शाबूत आहेत का, याची यादी दोन प्रतींत, दोघांच्या सह्या. ओट्यामागे टाइल्स कपाटापर्यंत चढवून घ्या, नाहीतर फोडणीच्या डागांवरून अनामत कापायची पाळी येते. रंग ऑइल बाउंड डिस्टेंपर, एकच शेड सगळीकडे. डबा जपून ठेवा, एक भिंत रंगवायला नवी शेड जुळत नाही.

वीजबिल तुमच्या नावावर असलं तर त्याची सूचना मोबाइलवर तुमच्याच येऊ द्या. बिलं थकली की महावितरण जोडणी तोडते, आणि परत जोडायला तुम्हीच पळायचं. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायचं विसरू नका, ऑनलाइनही होतं.

अनामिक_सभासद

सोसायटी परवानगी देत नसेल तर?

दस्तऐवज

भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते. बिगरवापर शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, शासनाचा २००१ चा आदेश आहे, आणि ही टक्केवारी काढताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. पण सांगलीत बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या. तिथे घोषणापत्र आणि उपविधी वाचा. वाचल्याशिवाय इसार नाही.

पेठभाग

"बॅचलरला देऊ नका" असा बोर्ड मात्र कुठल्याच उपविधीत सापडत नाही. जिन्यात सापडतो.

नवा_घरमालक

सगळं एका वहीत उतरवून काढलं. चाळीच्या मालकाला नियमितीकरणाचा दाखला मागितला, त्याने घरपट्टीची पावती दाखवली. गावभागातल्या घराच्या मालमत्ता पत्रकावर चार नावं आहेत, त्यातली दोन मुंबईला. फ्लॅटचे ३५ जरा जास्तच वाटायला लागलेत. १ बीएचके २२-२३ लाखांत विश्रामबाग ते मिरज रस्त्यावर मिळतोय, भाडं साडेसात ते आठ. हा बघू?

हिशेबनीस

२३ लाख, भाडं ८ हजार. ९६ हजार भागिले २३ लाख म्हणजे ४.२ टक्के, ढोबळ. मुद्रांक-नोंदणी धरून साधारण २४.६ लाख. १५ लाखच कर्ज काढलंत तर स्वतःचे ९.६ लाख जातात, हातात २.४ राहतात. हप्ता १३ हजारांच्या जवळ. खिशातून भरायची रक्कम साडेसोळा हजारांवरून आठ हजारांच्या घरात येते. हा तुमच्या तीन पर्यायांत नव्हता, पण मला हाच बरा दिसतो.

मिरज_जंक्शन

माझाही कौल. फक्त मिरज दवाखान्यांच्या जवळचा बघा, आणि रात्री अकरानंतर गेट उघडं असतं का ते वॉचमनला विचारा.

ओल_आणि_गिलावा

वरचा मजला असेल तर गच्चीची वॉटरप्रूफिंग कुणाच्या खर्चाने, हेही विचारा. आणि नहाणीची कापडाची परीक्षा विसरू नका.

नवा_घरमालक

रविवारी जुना टॉवेल घेऊन जातोय. दोन इंच पाणी, २४ तास. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगावं का?

ओल_आणि_गिलावा

सांगाच. आणि जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका.

भडंगप्रेमी

भडंगाची पुडी न्या. अर्धा किलो.